वसमतची तहान : पुढील तीस वर्षांचा हिशेब

मराठवाड्यातील अनेक शहरांच्या तुलनेत वसमत पाण्याच्या बाबतीत भाग्यवान मानले जाते. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन मोठी धरणे, तालुक्यातून फिरणारे कालवे आणि काळी कसदार जमीन यांच्या बळावर येथे ऊस पिकला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि हळदीची मोठी बाजारपेठ नावारूपाला आली. तरीही पावसाने ओढ दिली की 'धरण उशाला आणि कोरड घशाला' हा मराठवाड्याचा जुना अनुभव या भागालाही चुकलेला नाही. शहर वाढते आहे, मागणी वाढते आहे. धरणे मात्र अर्धशतकापूर्वी होती तेवढीच आहेत. अशा वेळी पुढील तीस वर्षांत वसमतला किती पाणी लागेल, ते कोठून मिळेल आणि त्याची हमी कोण देईल, याचा हिशेब आजच मांडणे आवश्यक ठरते.

दोन धरणांची साखळी

अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा जालना, बुलडाणा, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या परिसरातून वाहत गोदावरीला मिळते. या नदीवर परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी आणि त्याच्या खाली हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर अशी दोन धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठावीस टीएमसीच्या घरात आहे. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा जेमतेम ८१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे तीन टीएमसीहूनही कमी आहे.

या दोहोंचे काम वेगवेगळे आहे. येलदरी हे साठवणीचे धरण. तेथील पाणी साडेबावीस मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत केंद्रातून किंवा दरवाजांतून खाली सोडले जाते आणि सिद्धेश्वरमध्ये येते. तेथून ते पूर्णा कालव्यात वळवले जाते. वसमत आणि हिंगोली या दोन्ही शहरांच्या नळांना येणारे पाणी सिद्धेश्वरमधूनच उचलले जाते. म्हणजे वसमतकरांचा हंडा भरतो तो सिद्धेश्वरच्या काठावर. पण सिद्धेश्वरची स्वतःची भिस्त आहे वरच्या येलदरीवर.

सिद्धेश्वरचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याचा एकूण साठा सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातून उपयुक्त साठा वजा केला तर जवळपास १७० दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा उरतो, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या दुप्पट. मृतसाठा म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या पातळीखाली राहणारे पाणी. ते कालव्यात आपोआप उतरत नाही. पण पंपाने उपसता येते. त्यामुळे दुष्काळात कालवे कोरडे पडले तरी पिण्याच्या योजना याच साठ्यावर तग धरू शकतात. मात्र धरणाला पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत आणि गाळ साचतो तो प्रामुख्याने तळाशी. या मृतसाठ्यापैकी आज प्रत्यक्ष पाणी किती आणि गाळ किती, याची अद्ययावत मोजणी हे दीर्घकालीन नियोजनाचे पहिले पाऊल होय.

शहर किती वाढेल?

पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही आराखड्याची सुरुवात लोकसंख्येच्या अंदाजाने होते. २००१ च्या जनगणनेत वसमत शहराची लोकसंख्या ५७ हजार ३६० होती. २०११ मध्ये ती ६८ हजार ८४६ झाली. दहा वर्षांत साडेअकरा हजारांची, म्हणजे २० टक्क्यांची ही वाढ. याच दशकात हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ८७ हजारांवरून ११ लाख ७७ हजारांवर गेली. शहर आणि जिल्हा जवळपास एकाच वेगाने वाढले.

यापुढचा अंदाज दोन सोप्या रीतींनी करता येतो. दर दशकात साडेअकरा हजारांचीच भर पडेल असे धरले तर २०५१ मध्ये वसमतची लोकसंख्या सुमारे १ लाख १५ हजार होईल. २० टक्क्यांचा वेग कायम राहील असे धरले तर ती १ लाख ४३ हजारांवर जाईल. प्रत्यक्ष आकडा या दोहोंच्या दरम्यान राहण्याचा संभव अधिक. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने नियोजनकर्त्यांना अजूनही २०११ च्या आकड्यांवरच विसंबावे लागते. नवी जनगणना २०२७ मध्ये होणार असून तिचे आकडे हाती आले की हा अंदाज नव्याने तपासावा लागेल.

वाढीला पोषक अशा अनेक गोष्टी या परिसरात घडत आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहरासाठी हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. पूर्णा ते अकोला हा लोहमार्ग रुंद झाल्यापासून वसमत स्थानकाचे महत्त्व वाढले. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या 'लायगो' प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. हळदीवर प्रक्रिया करणारे उद्योग वाढले, गोदामे आली, कामगार आले, तर त्यांच्याही घरांत नळ लागणारच.

मागणीचा आकडा

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीनुसार भुयारी गटार असलेल्या शहरात प्रत्येक माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी धरावे लागते. भुयारी गटार नसेल तर हे प्रमाण ७० लिटर आहे. ग्रामीण भागासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. यांपैकी कोणते प्रमाण धरले यावर संपूर्ण योजनेचा आकार ठरतो. आज ७० लिटरच्या हिशेबाने जलवाहिनी टाकली आणि दहा वर्षांनी भुयारी गटार झाले, तर ती वाहिनी निम्म्या आयुष्यातच अपुरी पडेल.

म्हणून १३५ लिटरचे प्रमाण धरून २०५१ चा हिशेब करून पाहता येतो. १ लाख ४३ हजार लोकसंख्येला दररोज सुमारे १९ दशलक्ष लिटर पाणी लागेल. नियमावलीत मान्य असलेली १५ टक्के गळती धरली तर धरणातून रोज पावणेतेवीस दशलक्ष लिटर पाणी उचलावे लागेल. वर्षाकाठी हे पाणी ८.३ दशलक्ष घनमीटर होते. लोकसंख्या १ लाख १५ हजारच राहिली तर हा आकडा ६.७ दशलक्ष घनमीटरवर येतो.

८.३ दशलक्ष घनमीटर म्हणजे टीएमसीच्या भाषेत ०.३ सुद्धा नव्हे. सिद्धेश्वरच्या उपयुक्त साठ्याचा तो दहावा हिस्सा आहे. येलदरी व सिद्धेश्वर यांच्या एकत्रित साठ्याच्या तुलनेत तर तो एक टक्क्याहूनही कमी आहे. उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात साधारण २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. त्या मापाने तीस वर्षांनंतरच्या संपूर्ण वसमत शहराची वर्षाची तहान साडेतीनशे ते चारशे हेक्टर उसाइतकी भरते.

या आकड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वसमत शहराला पाण्यासाठी नव्या धरणाची गरज नाही. अडचण आहे ती पाणी प्रत्येक वर्षी, प्रत्येक महिन्यात आणि प्रत्येक वॉर्डात पोचण्याची हमी नसण्याची.

सरासरीचा फसवा दिलासा

धरणाची क्षमता आणि धरणात येणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिंचन प्रकल्प साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखले जातात. याचा अर्थ असा, की चार वर्षांपैकी एका वर्षी अपेक्षेइतके पाणी येणार नाही हे मूळ आखणीतच गृहीत धरलेले असते. शेतकरी त्या वर्षी पीक बदलतो, क्षेत्र कमी करतो. शहराला मात्र चार वर्षांपैकी एक वर्ष पाण्यावाचून काढता येत नाही.

शिवाय दुष्काळ एकेकटा येत नाही. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्याला कोरडी गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात विभागातील बहुतेक मोठी धरणे मृतसाठ्यात गेली आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूरला पाणी देणारे मांजरा धरणही कागदावर त्या शहराच्या गरजेच्या कितीतरी पट मोठे होते. येलदरीतही त्यानंतरच्या काही वर्षांत साठा खालावत गेला. २०१९ च्या परतीच्या पावसाने ते पुन्हा भरले, तेव्हा तीन जिल्ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

येलदरीच्या वरच्या खोऱ्यातही परिस्थिती बदललेली आहे. बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा प्रकल्प उभा राहिला. त्याशिवाय लहान तलाव, बंधारे, शेततळी यांची संख्या वाढली. यांतील प्रत्येक काम त्या त्या गावाच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु कमी पावसाच्या वर्षी ही सारी भांडी आधी भरतात आणि उरलेले पाणी येलदरीकडे येते. १९६८ चे धरण १९६८ च्या नदीसाठी बांधले होते. आज त्याच्या वरची नदी तशी राहिलेली नाही.

एक धरण, अनेक दावेदार

पूर्णेच्या पाण्यावर एकट्या वसमतचा हक्क नाही. परभणी शहराने येलदरीहून थेट जलवाहिनी आणली आहे. हिंगोली शहर व अनेक गावांच्या सामूहिक योजना सिद्धेश्वरवर आहेत. पूर्णा कालव्याचे लाभक्षेत्र हिंगोली, परभणी आणि नांदेड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. पाण्याची मागणी करणाऱ्या या प्रत्येकाचे स्वतंत्र नियोजन आहे आणि प्रत्येकाच्या नियोजनात तेच धरण पूर्ण भरलेले गृहीत धरलेले आहे.

पावसाळा संपताना धरणात किती साठा आहे हे पाहून प्रशासन पुढच्या जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी आरक्षित करते. उरलेल्या पाण्याच्या किती पाळ्या द्यायच्या ते कालवा सल्लागार समितीत ठरते. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. २०११ मध्ये क्रम बदलल्यापासून शेती दुसऱ्या आणि उद्योग तिसऱ्या स्थानावर आहेत. व्यवस्था म्हणून हे योग्यच आहे. पण हे नियोजन एका वर्षापुरते असते. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला तर पहिल्या वर्षाअखेर किती पाणी हातचे राखून ठेवायचे, याचे उत्तर वर्षापुरत्या आरक्षणात मिळत नाही.

त्याची किंमत मोजतो तो कालव्याच्या शेपटीकडचा शेतकरी. मेच्या अखेरीस हळदीची लागवड सुरू होते आणि नऊ महिन्यांचे हे पीक हिवाळाभर पाण्यावर असते. ऐन जानेवारीत पाळी रद्द झाली तर बेणे, खत आणि मजुरीवर केलेला खर्च कंदाच्या वाढीबरोबरच खुंटतो. आधी ठाऊक असते तर त्याने एकरभर कमी लावली असती. नियमांवाचून केलेली आयत्या वेळची कपात शहराचे नळ वाचवते, पण ज्या शेतीवर त्या शहराची बाजारपेठ चालते तिलाच धक्का देते.

गळणारे पाणी म्हणजे दुसरे शहर

शहराच्या स्वतःच्या हातात असलेला सर्वांत स्वस्त स्रोत म्हणजे गळती. वरील हिशेबात गळती १५ टक्के धरली आहे. जुन्या जलवाहिन्या, मीटर नसलेल्या जोडण्या आणि तुटक्या तोट्या यांमुळे प्रत्यक्षात अनेक शहरांत ती याच्या दुपटीहून अधिक असते. वसमतमध्ये २०५१ साली गळती ४० टक्के असेल तर रोज पावणेतेवीसऐवजी ३२ दशलक्ष लिटर पाणी उचलावे लागेल. जादा उचललेले हे सव्वानऊ दशलक्ष लिटर पाणी २०११ मधील सगळ्या वसमत शहराला, माणशी १३५ लिटरप्रमाणे, पुरेल इतके भरते. ते धरणातून उपसण्याची वीज, शुद्ध करण्याची तुरटी आणि क्लोरीन यांचा खर्चही नगरपरिषदेलाच करावा लागतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला. वापर वाढेल तसा दर वाढेल अशी टप्प्याटप्प्याची पद्धत तेथे ठेवली. पाणी चोवीस तास मिळू लागल्यावर साठवणूक आणि शिळे पाणी ओतून देणे थांबले. मलकापूर हे वसमतपेक्षा लहान गाव. मोठ्या महापालिकांनाच हे जमते, हा समज त्याने खोडून काढला.

सांडपाण्याचा मोल

नळाने आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. २०५१ मधील वसमतच्या बाबतीत हे प्रमाण रोज १५ दशलक्ष लिटरच्या आसपास येईल. आज ते नाल्यांवाटे नदीकडे गेले तर खालच्या गावांच्या विहिरी बिघडतात. प्रक्रिया करून वापरले तर वर्षाकाठी साडेपाच दशलक्ष घनमीटर पाण्याचा एक नवा स्रोत मिळतो. शिवाय दुष्काळातही हा स्रोत आटत नाही, कारण नळ चालू असेतोवर तो चालू राहतो. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते आणि तितके शुद्ध पाणी वाचते. राज्य सरकारने २०१७ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापराचे धोरणही स्वीकारले. वसमतमध्ये असे पाणी उद्योगांना किंवा शहरालगतच्या शेतीला देऊन त्या बदल्यात कालव्याचे पाणी राखून ठेवता येईल.

भूगर्भाची मर्यादा

धरण आटले की शहराची नजर विंधन विहिरींकडे वळते. परंतु हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खोल गेल्यावर ते वाढेलच असे नाही. जिल्ह्यात पाऊस तसा बरा होतो, पण तो अनेकदा थोड्या दिवसांत कोसळतो. २०२२ च्या जुलैमध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गाव पुराच्या पाण्यात सापडले. ज्या तालुक्यात जुलैत घरांत पाणी शिरते त्याच तालुक्यात मेमध्ये टँकरची मागणी होऊ शकते, हे वास्तव पाणी मुरवण्याच्या कामांचे महत्त्व सांगते. आसना नदीवरील बंधारे, जुन्या विहिरी आणि बारव यांची डागडुजी करून त्या राखीव स्रोत म्हणून जपणे शहराला परवडणारे आहे. मुख्य जलवाहिनी फुटली किंवा पंप बंद पडला तर चार दिवसांची सोय एवढ्यावरही होऊ शकते.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८३ पासून मोठ्या पाणीपुरवठा संस्थांना दर पाच वर्षांनी पुढील किमान वीस वर्षांचा आराखडा कायद्याने सादर करावा लागतो. सामान्य वर्ष, एक कोरडे वर्ष आणि सलग पाच कोरडी वर्षे अशा तिन्ही परिस्थितींत पाणी कसे पुरवणार, हे त्यात लिहून द्यावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरावर २०१८ मध्ये नळ पूर्ण बंद करण्याची वेळ आली होती. माणशी ५० लिटरची मर्यादा घालून, ती काटेकोरपणे पाळून त्या शहराने तो दिवस टाळला. या दोन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे : संकट येण्याआधी, किंवा निदान येताना, कपातीचे नियम सर्वांना ठाऊक होते.

मराठवाड्यासाठी अकरा मोठी धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची 'वॉटर ग्रिड' योजना राज्य सरकारने मांडली आणि त्यासाठी २०१८ मध्ये इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशी करार झाला. येलदरी व सिद्धेश्वर ही धरणेही त्या जाळ्यात धरलेली आहेत. परंतु सगळी धरणे एकाच वर्षी रिकामी राहिली, तर त्यांना जोडणारी वाहिनी पाणी कोठून आणणार, हा प्रश्न २०१६ च्या अनुभवाने उभा केला आहे. ग्रिड झाली तरी स्थानिक हिशेब चुकत नाही.

आराखड्यात काय असावे?

पाणीपुरवठ्याच्या कामांचे आयुष्य सारखे नसते. जलवाहिन्या तीस वर्षांसाठी, तर पंप आणि शुद्धीकरण केंद्र पंधरा वर्षांसाठी आखतात. म्हणून वाहिनी २०५१ च्या मागणीची टाकावी, शुद्धीकरण केंद्र टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि मागणीचा अंदाज दर पाच वर्षांनी तपासावा, ही शहाणपणाची रीत. मोठी वाहिनी आज टाकण्याचा जादा खर्च, पंधरा वर्षांनी तिच्या शेजारी दुसरी टाकण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

त्याच्या जोडीला धरणातील साठ्याच्या पायऱ्या ठरवाव्या लागतील. ऑक्टोबरमध्ये येलदरी व सिद्धेश्वर मिळून अमुक इतका साठा असेल तर कालव्याला किती पाळ्या, त्याहून कमी असेल तर किती, आणि कोणत्या पातळीनंतर फक्त पिण्यासाठी, हे आधीच जाहीर झाले तर शेतकऱ्याला लागवडीपूर्वी निर्णय घेता येईल. दोन वर्षांच्या पिण्याच्या पाण्याइतका साठा मृतसाठ्यासह नेहमी राखून ठेवण्याचा नियम केला तरी तो उभ्या पिकांवर मोठा बोजा टाकत नाही. शहरांची गरज किती लहान आहे हे वरील आकड्यांनी दाखवलेच आहे. लाभक्षेत्रातील ऊस ठिबकवर आला तर त्यातून वाचणारे पाणी सगळ्या शहरांच्या वाढीव मागणीहून अधिक भरेल.

हे काम एकट्या नगरपरिषदेचे नाही. पाटबंधारे खाते, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद आणि तिन्ही जिल्ह्यांची प्रशासने यांनी एकच ताळेबंद मान्य केला पाहिजे. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की राज्यातील शहरांच्या योजना नव्याने आखल्या जातील. त्या वेळी सिद्धेश्वरच्या गाळाची मोजणी, वसमतच्या गळतीची तपासणी आणि साठ्याच्या पायऱ्यांचे कोष्टक तयार असेल, तर शहराच्या पदरात त्याच्या गरजेची योजना पडेल. नसेल, तर कागदावर पुरेसे असलेले पाणी पुढच्या दुष्काळातही टँकरनेच आणावे लागेल.